मारबतीला दिलेला बूट

तीस वर्षं मी म्युनिसिपालटीच्या शाळेत पोरांना कवायत शिकवली. ताठ उभे राहा, छाती पुढे, पोट आत, नजर समोर. आता माझंच शरीर माझ्यासमोर रांगेत उभं केलं, तर मी त्याला मैदानाबाहेर काढीन. छाती दम्यानं भरलेली, पोट कुणाचंच ऐकत नाही, नजर जाड भिंगांच्या मागे लपलेली आणि डाव्या पायाची बोटं कायमची गैरहजर. साखर आणि ब्लडप्रेशर हे दोघे मात्र कधी खाडा करत नाहीत.

माझं नाव रुपराव. पण नागपूरच्या जुन्या मंगळवारीत मला नावानं कोणी ओळखत नाही, सगळे मास्तर म्हणतात. मोहल्ल्यातल्या अर्ध्याअधिक बाप्यांना मी कधी ना कधी उन्हात उभं केलेलं आहे. त्यातले काही आता आजोबा झाले आहेत, तरी मला पाहिलं की विडी पाठीमागे लपवतात. माझ्या अंगात शिल्लक राहिलेली ताकद म्हणाल तर ती एवढीच.

बोटं कशी गेली हे सांगायला मला लाज वाटते, म्हणून मी ते सगळ्यांना सांगतो. साखरेनं पायातली जाणीव खाऊन टाकली होती आणि मला त्याचा पत्ता नव्हता. माझ्या चपलेच्या तळातून एक खिळा वर आला. तो खिळा पायात घेऊन मी इतवारीत गेलो, भाजी घेतली, वाटेत भेटलेल्या दोघांना तब्येतीला जपा म्हणून सांगितलं आणि तसाच घरी आलो. फरशीवरची लाल पावलं पाहून माझी बायको पंचफुला म्हणाली, "हे कोण आलं रक्तानं भरलेलं?" मीसुद्धा वळून मागे पाहिलं.

धंतोलीतल्या एका दवाखान्यात खूप दिवस पडून होतो. त्या वॉर्डात वर्ध्यापासून गोंदियापर्यंतचे पाय भरती होते. जखम सडत गेली, आधी दोन बोटं गेली, मग उरलेली. घरी सोडताना डॉक्टरांनी मला समोर बसवून सांगितलं, "मास्तर, हा पाय पुन्हा फुटला तर गुडघ्याखाली काही ठेवता येणार नाही. अनवाणी एक पाऊलही टाकायचं नाही." मी मान डोलावली. आयुष्यभर दुसऱ्यांना हुकूम दिले, तेव्हा हुकूम कसा ऐकायचा हे मला चांगलं ठाऊक होतं.

मग त्या उरलेल्या पायासाठी खास बूट करवून घेतला. पायाचा साचा घेऊन बेतलेला, बोटांच्या जागी लोकरीचा मऊ नमदा भरलेला, खाली जाड तळ आणि टाचेला लोखंडी नाल. इतका चांगला बूट मी धडधाकट असताना कधी घातला नव्हता. तो घालून चाललो की आधी ठक् असा आवाज येई आणि मग घस्. तीस वर्षं पोरांकडून एका तालात पावलं टाकून घेतली आणि म्हातारपणी माझ्या दोन पायांचंच एकमेकांशी पटेना.

पंचफुला या आवाजाला वैतागली होती. मी खोलीतून स्वयंपाकघरात निघालो की ती चुलीजवळून म्हणे, "आला घोडा. घरात माणूस ठेवला का टांग्याचं जनावर?" तिचं डोकं उठतं म्हणून मी घरातल्या घरात पाय दाबून चालायला लागलो होतो. लोखंडी नालेवर पाय दाबून चालणारा माणूस कसा दिसतो, ते सुदैवानं तिला दिसत नसे. वर्षभरात तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढला होता. डॉक्टर म्हणत, अजून पिकू द्या. ती म्हणे, आंबा असता तर पेंढ्यात ठेवला असता.

एकुलता मुलगा भिलाईला नोकरीला. इथे आम्ही दोघं, आणि दोघांत मिळून जेमतेम एक माणूस. ती फळीवरून औषधाच्या बाटल्या काढी, मी चिठ्ठ्या वाचून कुठली कुणाची ते सांगे. पण त्या बुटामुळे माझं माझं चालत होतं. मी स्वतः संडासला जाई, आणि संध्याकाळी नत्थूच्या पानठेल्यावर जाऊन फुकट पेपर वाची. बूट नाही म्हणजे मी खाटेवर. आणि मी खाटेवर म्हणजे ती आंधळी बाई चाचपडत माझं भांडं उचलणार. मरणाची मला फारशी भीती नव्हती, पण त्या भांड्याची होती.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या नागपुरात मारबत निघते, हे बाहेरच्यांना सांगावं लागतं. काळी आणि पिवळी, अशा बाईच्या रूपातल्या दोन मोठ्या मूर्ती वाजतगाजत शहरभर फिरतात आणि लोक ओरडतात, इडा पिडा, खासी खोकला, राई रोग घेऊन जा गे मारबत. त्यांच्या मागे मोहल्ल्यामोहल्ल्यांचे बडगे असतात. बांबू, कागद, चिंध्या यांचा एक बाप्या करायचा, त्या वर्षी ज्याचा राग आला असेल त्याचं सोंग त्याला द्यायचं आणि शेवटी जाळून टाकायचं. घरातली रोगट, नकोशी वस्तूही लोक त्याच्या अंगावर टाकतात. एकदा टाकली की ती परत आणायची नाही. आणली तर पिडा तिच्यासोबत घरी येते.

आमच्या मोहल्ल्याचा बडग्या नत्थू करी. त्या वर्षी साखरेचा काळाबाजार जोरात होता, म्हणून त्यानं पोट सुटलेला साखरेचा व्यापारी केला होता. आदल्या संध्याकाळी तो मला दाखवायला घेऊन आला. मी म्हटलं, "नत्थू, साखर लपवून ठेवणाऱ्याले जाळतो, मंग माह्या अंगात केवढी लपली हाय." तो हसला नाही. शाळेत असतानाही माझ्या विनोदांना तो उशिराच हसायचा, पावलातही तो असाच मागे पडे.

पंचफुलाचा बेत मात्र मला ठाऊक होता. ती खिळ्याची चप्पल तिनं टाकू दिली नव्हती. "त्या चपलेनंच खाल्लं तुमच्या पायाले," ती म्हणे. "तिले मी मारबतीसंगंच धाडीन." मी तिला साखर, रक्तवाहिन्या, पायाच्या नसा असं सगळं समजावून सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि मग विचारलं, "तुमाले एवढं समजते, तं खिळा काहून नाही समजला?" मी बूट चढवला आणि पेपर वाचायला नत्थूच्या ठेल्यावर गेलो.

आता खरी गंमत. पोळ्याच्या वेळी घराला ओल धरते. बुटाच्या कातड्याला बुरशी लागू नये म्हणून मी तो रोज रात्री जुन्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळून खाटेखाली ठेवत असे. कवायत मास्तरची शिस्त. पंचफुलानं पोळ्याच्या रात्री ती चप्पलही गुंडाळली, आणि तीही खाटेखालीच ठेवली, म्हणजे सकाळी शोधावी लागू नये. तीस वर्षं एका माणसासोबत राहून शिस्त तिलाही लागली होती. तिचा तुकडाही त्याच धोतराचा निघाला.

सकाळी तिनं पोळ्यासाठी दाराला खोचलेल्या पळसाच्या डहाळ्या गल्लीच्या तोंडाशी नेऊन टाकल्या. मी मागच्या अंगणात पाटावर बसून लाल औषधाच्या पाण्यानं पाय धुवत होतो. समोर ढोल आला, नत्थूचा आवाज आला, "मास्तरीणबाई, काही देता काय बडग्याले?" पंचफुला म्हणाली, "देतो ना बाप्पा, वर्षभर जपून ठेवलं मी." मग ढोल पुढे गेला. मी पायाला पट्टी बांधली, बुडावर सरकत खाटेपाशी आलो, गाठोडं ओढलं, सोडलं, आणि माझ्या हातात ती खिळ्याची चप्पल आली.

मी चप्पल खाटेवर ठेवली. मग अगदी हळू आवाजात विचारलं, "पंचफुला, तू काय देऊन राहिली होती आता?"

"चप्पल."

"हातात घेतल्यावर तुले जड नाही लागली?"

"लागली ना," ती म्हणाली. "म्या म्हटलं, तुमची सगळी बिमारी भरली असंन त्याच्यात."

मला हसू आलं आणि हसण्यातून दम्याची ढास लागली. ढास थांबेस्तोवर तिनं खाटेवर चाचपून चप्पल हातात घेतली होती. तिच्या बोटांना खिळ्याचं भोक सापडलं. तिचा चेहरा असा उतरला, की ओरडायचं ठरवलेलं मी विसरून गेलो. "आता पाय जाईन तुमचा," ती म्हणाली. "माह्या हातानं गेला."

"जात नाही," मी म्हटलं. "आणतो मी वापस." बोलून गेलो, आणि मग लक्षात आलं की अनवाणी एक पाऊलही टाकायची मुभा नाही. गल्ली रिकामी होती, हाक मारावी तर सगळी माणसं मारबतीला गेलेली. बूट नवा करायचा म्हटलं तर साचा, नमदा, खेपा, महिने. तोवर मी खाटेवर आणि ते भांडं.

मी पंचफुलाची उशी घेतली, पायाखाली धरली आणि तिच्या जुन्या लुगड्याच्या पट्टीनं घोट्यापर्यंत करकचून बांधली. ती कापसाची लठ्ठ उशी होती. उजव्या पायात चप्पल, डाव्या पायात उशी, हातात काठी, नाकावर भिंगं. असा सजून मी गल्लीच्या तोंडाशी येईतो घामाघूम झालो. तिथे बळीराम आपला सायकलरिक्षा लावून बसला होता. त्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मास्तर, लग्नाले चालले काय?"

"मारबतीले. पायडल मार."

बळीरामनं शर्थ केली, पण महाल भागाच्या अलीकडे गर्दीनं रिक्षा अडला. तिथून पुढे मी आणि उशी. मारबतीच्या दिवशी लोक नाना सोंगं घेऊन येतात, हे मी विसरलो होतो. दोघातिघांनी मला पाहिलं आणि वाट करून दिली. कुणीतरी ओरडलं, "हा पाहा गा उशीवाला बडग्या!" मग बायका हसायला लागल्या, आणि एका पोक्त माणसानं अगदी गंभीरपणे विचारलं, "हा कोणत्या रोगाचा हाय?"

"सगळ्याच," मी म्हणालो.

त्याला ते सोंग फार पसंत पडलं. त्यानं हात वर केले आणि ओरडला, घेऊन जा गे मारबत. आजूबाजूचे सगळे ओरडले. मी हात जोडून सांगत होतो की मी खरा आहे, पण मला धाप लागली होती आणि धापेमुळे सोंग आणखीच उठून दिसत होतं. एक फायदा झाला. त्यांनी मला आदरानं पुढे ढकलत नेलं, आणि मला चालावं असं फारसं लागलंच नाही.

नदीकाठच्या मैदानात पोचलो तेव्हा आमचा बडग्या हातगाडीवर उभा होता. नत्थू बाटलीतून घासलेट शिंपडत होता. आणि व्यापाऱ्याच्या गळ्यात, अगदी छातीवर, सगळ्यांना दिसेल असा माझा बूट नाडीनं लटकवलेला होता. खाली मोहल्ल्यातली माणसं उभी होती, सगळी माझ्या हाताखालून गेलेली. ती एका आवाजात ओरडत होती, "मास्तरचा रोग घेऊन जा गे मारबत."

मी जागच्या जागी थांबलो. वर्षभर मला वाटत होतं की हे लोक माझ्या ठक्-घस् चालण्याला मागून हसत असतील. मी स्वतः हसत होतो, म्हणून ते हसतात असं गृहीत धरलं होतं. आणि इथे ही पन्नाशीतली माणसं गळ्याच्या शिरा ताणून माझ्यासाठी ओरडत होती. त्यांना वाटलं होतं, मास्तरानं स्वतः बूट पाठवला, म्हणजे पाय बरा झाला. मला फार भरून आलं. क्षणभर असंही वाटलं, की जळू द्यावा. त्यांना वाटतंय मी बरा झालो, तर वाटू द्यावं.

मग नत्थूनं काडी ओढली.

बोलून गर्दीत ऐकू जाणार नव्हतं. माझ्या छातीत एकाच आवाजापुरती हवा उरली होती, ती सगळी मी गोळा केली.

"टोली, थम!"

आणि टोली थांबली. शपथेवर सांगतो, ढोलवाल्याचा हात वरच्या वर राहिला. घोषणा तोंडात राहिल्या. दोनतीन जणांनी तर टाचा जुळवल्या. नत्थूच्या हातातली काडी त्याच्या बोटापर्यंत जळत आली तरी त्यानं हात हलवला नाही, आणि आयुष्यात पहिल्यांदा तो बाकीच्यांसोबत थांबला. मला विश्राम म्हणायचं होतं, पण माझ्याकडे त्यासाठी हवा नव्हती. मी हातगाडीला धरून नुसता उभा राहिलो.

"मास्तर?" नत्थू म्हणाला. त्याची नजर माझ्या उशीवर गेली. "हे काय गा हे?"

"बूट दे," मी म्हटलं. "चुकीनं आला तो."

त्याचा चेहरा पाहवेना. "मारबतीले देलेलं वापस नाही घेत, मास्तर. तुमाले मालूम हाय. बिमारी वापस येते."

"वापस यायले ते गेली कुठं होती, नत्थू? हे काय, माह्यासंगंच आली उशी बांधून." मी थांबून श्वास घेतला. "पाय बरा होत नसते आता. बोटं काही उगवत नाहीत. हा बूट हाय तोवर मी चालतो. एवढंच हाय माह्यापाशी, ते जाळू नको."

 एवढ्या लोकांसमोर मी हे पहिल्यांदाच बोललो होतो, आणि त्यात विनोद घालायचं विसरलो होतो. नत्थू हातगाडीवर चढला. त्यानं बूट काढला, आपल्या सदऱ्यानं घासलेटाचे थेंब पुसले, आणि खाली येऊन माझ्यापुढे मातीत बसला. उशी सोडली, पट्टी भिजली नाही ना ते पाहिलं, आणि बूट पायात चढवून नाडी बांधली. नाडी त्यानं उलटी बांधली, पण मी टोकलं नाही.

"बडग्याले काही तं द्या लागंन," मागून कुणीतरी म्हणालं. "खाली हात कसा जाईन तो?"

मी उशी दिली. ती व्यापाऱ्याच्या पोटावर छान बसली. जळायला लागली तेव्हा कापसाचा धूर माझ्याच छातीत गेला आणि मी खोकत खोकत ओरडलो, खासी खोकला घेऊन जा गे मारबत. तेव्हा मात्र नत्थू वेळेवर हसला.

बळीरामनं मला गल्लीच्या तोंडाशी आणून सोडलं. दारापर्यंत नेतो म्हणाला, पण मी उतरलो. पंचफुला उंबऱ्यावर बसली होती, मांडीवर ती चप्पल. सकाळपासून तिथून हलली नव्हती, हे नंतर थंड चूल पाहून कळलं. मी गल्लीत पाय टाकला. ठक्. घस्. तिनं मान वर केली. नजर भलतीकडेच होती, पण चेहरा माझ्याकडे वळला होता.

वाटेत मी ठरवून आलो होतो की आधी दोन शब्द सुनावायचे. पुढे गाठोडी बांधताना गाठ वेगळी मारायची, असं काहीतरी. जवळ गेल्यावर ते कुठल्या कुठे गेलं.

"बूट आणला?" तिनं विचारलं.

"आणला."

"मंग बिमारीबी आलीच असंन संगं."

"आली."

तिनं हात पुढे करून बूट चाचपला. टाचेच्या नालेपासून पुढच्या नमद्यापर्यंत, सावकाश. मला वाटलं रडते की काय. वर्षभर तिनं त्या चपलेवर आशा लावली होती, आणि मी ती पिडा स्वतःच्या पायानं चालत घरी आणली होती.

"येऊ द्या," ती म्हणाली. "आली तं आली. तुमी गेल्यापासून घरात आवाज नव्हता. मले तं दिसत नाही, तुमी हाय का नाही ते त्या ठक्-ठक्नंच समजते. आज म्या तीनदा पलटून पाहिलं, आणि कोणीच नव्हतं."

"तूच तं घोडा म्हणते."

"म्हणतो. पण घोडा घरी असला तंच म्हणतो ना." मग थोडं थांबून ती म्हणाली, "माही उशी कुठं हाय?"

मी उशीचं सांगितलं. त्यावर तिनं मला जे काही ऐकवलं ते जेवण होईस्तोवर पुरलं. ती चप्पल तिनं आत नेऊन मोरीजवळच्या पोत्यात टाकली, पुढच्या पोळ्यासाठी.

दुपारी ती चुलीशी बसली होती, पाठ माझ्याकडे. मी खाटेवर पडून होतो. डॉक्टरांनी जेवणानंतर पाय वर ठेवून पडायला सांगितलेलं आहे, आणि मी हुकूम पाळणारा माणूस आहे. तरीही उठलो, बूट चढवला, आणि तहान नसताना पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो. या खेपेला पाय दाबला नाही.